पेठांचा बाजार : मालक हजार, वाली कोण?

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबर २०२१ रोजी एक नवल घडले. नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंतचा रस्ता महापालिकेने त्या दिवशी वाहनांना बंद केला आणि एरवी जेथून जीव मुठीत धरून चालावे लागते, त्याच रस्त्याच्या मधोमध माणसे रमतगमत हिंडू लागली. ‘पादचारी दिन’ या नावाने सुरू झालेला हा उपक्रम पुढील वर्षांतही झाला. त्या दिवशी रस्त्यावर बाके येतात, गाणी होतात, छायाचित्रे निघतात, भाषणे होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दुचाक्यांची रांग पुन्हा पदपथाला येऊन भिडते आणि वर्षाच्या उरलेल्या दिवसांचा क्रम पूर्ववत सुरू होतो.

अशाच एका पादचारी दिनी प्रस्तुत लेखक या रस्त्यावरून जात असता दोन उद्गार कानी पडले. एका जुन्या कापड दुकानाचे मालक म्हणाले, “सर, आजचा रस्ता सुरेख दिसतो, नाही कोण म्हणतो? पण माझा माल कोठे उतरवायचा, हे मला कोणी विचारले नाही.” त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एक वृद्ध बाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “एक दिवस बरं वाटतं हो. पण रात्री दुकानं मिटली की या इमारतीत आमची दोनच बिऱ्हाडं उरतात. आमचं काय, ते कोण बघतो?” वरवर पाहता या दोन तक्रारींचा परस्परांशी संबंध नाही. एक व्यापाराची आहे, दुसरी वस्तीची. परंतु पुण्याच्या मध्यवर्ती बाजारपेठेचे सगळे दुखणे या दोन वाक्यांत सामावलेले आहे. पेठांचा बाजार सुधारण्याच्या योजना निघतात. पण बाजारात जे बसतात आणि बाजाराच्या वर जे राहतात, त्यांना त्या योजनांत स्थान नसते. ते मिळाल्यावाचून या पेठांचे पुनरुज्जीवन होणे नाही, हे या लेखात मांडावयाचे आहे.

वस्ती आणि व्यापार

पुण्याच्या पेठा सहज वाढलेल्या नाहीत, त्या वसविलेल्या आहेत. पेशवाईत नवी पेठ वसवावयाची झाली की व्यापाऱ्यांना काही वर्षे करात सूट देण्यात येई आणि उदमी, कारागीर यांना आणून वसविण्याची जबाबदारी शेटे-महाजनांवर असे. म्हणजे बाजार वाढवावयाचा तर आधी माणसे वसवावी लागतात, हे तत्कालीन कारभाऱ्यांना पक्के ठाऊक होते. पुढे दुकान आणि मागे किंवा वर बिऱ्हाड ही पेठेची घडण त्यातूनच सिद्ध झाली. तांबट आळीत तांब्यापितळेची भांडी घडविणारे, बुरूड आळीत बांबूकाम करणारे, बोहरी आळीत लोखंडी सामानाचे व्यापारी अशी एकेका धंद्याची एकेक आळी झाली. आजही विजेच्या सामानासाठी तपकीर गल्ली, पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक, सोन्यासाठी सोन्या मारुती चौक आणि संसाराला लागणाऱ्या हरतऱ्हेच्या जिनसांसाठी तुळशीबाग हे समीकरण पुणेकरांच्या मनात कायम आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या रचनेत मोठे शहाणपण आहे. एकाच मालाची पन्नास दुकाने शेजारीशेजारी असली म्हणजे गिऱ्हाइकाचा शोधण्याचा खर्च कमी होतो, भावात चढाओढ राहते आणि एका दुकानात न मिळालेली वस्तू दुसऱ्यात मिळते. दुकानदाराला वाटते की शेजारचा आपला प्रतिस्पर्धी आहे. वस्तुतः शेजारच्यामुळेच आपल्याकडे गिऱ्हाईक येत असते. धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे पुण्याची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचे खंड १९४५ आणि १९५२ साली प्रसिद्ध झाले. शहर म्हणजे केवळ रस्ते आणि इमारती नसून माणसांच्या उपजीविकांचे जाळे आहे, ही दृष्टी त्या पाहणीमागे होती. दुर्दैवाने नंतरच्या काळात आपण रस्ते मोजत राहिलो आणि उपजीविका मोजणे सोडून दिले.

मंडईचीच कथा पाहा. रे मार्केट या नावाने ही देखणी वास्तू १८८६ साली उभी राहिली. तत्पूर्वी नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुले यांनी मंडईवरील या खर्चाला विरोध केला होता. तोच पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे याच वास्तूला महात्मा फुले मंडई हे नाव देण्यात आले. या विरोधाभासावर पुष्कळदा विनोद होतो. परंतु सार्वजनिक पैशाने बाजार सजविताना तो कोणासाठी, हा फुल्यांनी विचारलेला प्रश्न त्यांच्या नावाच्या पाटीखाली आजही अनुत्तरितच आहे.

ओहोट कशी लागली?

पेठांतून माणसे बाहेर पडू लागली त्याची कारणे अनेक आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासल्याची धरणे फुटली आणि नदीकाठच्या पेठांतील शेकडो वाडे जमीनदोस्त झाले. पूरग्रस्तांसाठी शहराबाहेर वसाहती उभारल्या गेल्या आणि कित्येक कुटुंबांचा पेठेशी असलेला पिढ्यान्पिढ्यांचा संबंध सुटला. पुढे शहर चहूबाजूंनी पसरले. घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेच्या हद्दीत आली. नव्या वस्त्यांना नवी दुकाने मिळाली, मोठमोठे मॉल आले आणि आता तर गिऱ्हाइकाने दारातून बाहेर पडण्याचीही गरज राहिलेली नाही. हातातल्या फोनवर बोट ठेवले की वस्तू घरपोच येते.

परंतु पेठा आतून पोखरण्याचे काम भाडेनियंत्रणाच्या कायद्याने अधिक केले. १९४७ च्या कायद्याने प्रमाणभूत भाडे १९४० च्या पातळीशी बांधून ठेवले. महायुद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला संरक्षण देणे आवश्यक होते, यात शंका नाही. पण तात्पुरता म्हणून केलेला उपाय अर्धशतक चालला. १९९९ च्या कायद्याने दर साल चार टक्के वाढीची मुभा दिली खरी, तथापि मूळ भाडेच नाममात्र असेल तर त्याच्या चार टक्क्यांतून वाड्याचे एक कौलही बदलता येत नाही. परिणामी मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही आणि भाडेकरूला दुसऱ्याच्या वाड्यावर पैसा घालण्याची बुद्धी होईना. दर पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना नोटिसा निघतात. अखेर वाडा पडतो किंवा पाडला जातो. जेथे तो उभा राहतो तेथे वरच्या मजल्यांवरील बिऱ्हाडांची जागा गोदामे घेतात, कारण गोदामाला पाणी लागत नाही, शौचालय लागत नाही आणि त्याची मुले शाळेत जात नाहीत.

वस्ती गेली म्हणजे व्यापाराचे काय बिघडते, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. सकाळी दूध, भाजी, फुले घेणारे आणि रात्री जेवणानंतर पान खायला खाली उतरणारे गिऱ्हाईक हे त्या पेठेतील रहिवासी असतात. सणासुदीला लांबून येणाऱ्या गर्दीवर मोठी दुकाने चालतात. किराणा, पीठगिरणी, शिंपी, वाचनालय, खाणावळ हे सारे शेजारावर जगते. शिवाय रात्री नऊ वाजता दुकाने बंद झाल्यावर वर एकही खिडकी उजळलेली नसेल, तर तो रस्ता चोराचिलटांचा होतो. ज्या वर्षी पानशेत फुटले त्याच वर्षी, १९६१ साली, अमेरिकेत जेन जेकब्स या विदुषीने मोठ्या शहरांच्या ऱ्हासावरील आपल्या गाजलेल्या पुस्तकात हाच मुद्दा मांडला होता : रस्त्याचे रक्षण पोलिसांपेक्षा खिडकीत उभे असलेले रहिवासी आणि दारात बसलेले दुकानदार अधिक करतात.

भुयारातून येणारे गिऱ्हाईक

आता परिस्थितीला एक नवे वळण मिळाले आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोचा टप्पा सुरू झाला आणि कसबा पेठ व मंडई ही दोन स्थानके ऐन बाजारपेठेत आली. पिंपरी-चिंचवडच्या गृहिणीला आता गाडी कोठे लावावी या विवंचनेवाचून तुळशीबाग गाठता येते. व्यापाऱ्यांनी याचे स्वागत केले ते योग्यच आहे. परंतु मेट्रो आली म्हणजे बाजार आपोआप तरेल, हा भ्रम असेल तर तो वेळीच दूर व्हावा.

या संदर्भात कॅनडातील टोरांटो शहराचा अनुभव उद्बोधक आहे. तेथील ब्लूर वेस्ट व्हिलेज भागातील दुकानांना रस्त्यावरून धावणाऱ्या ट्रॅमचे उतारू गिऱ्हाईक म्हणून मिळत. १९६० नंतरच्या दशकात भुयारी रेल्वे झाली, ट्रॅम गेली आणि तेच उतारू दुकानांच्या पायांखालून सरळ पुढे जाऊ लागले. शहराबाहेरील मॉलची ओढ होतीच. तेव्हा तेथील दुकानदारांनी एक मार्ग काढला. त्या भागातील प्रत्येक व्यावसायिकाने मालमत्ता कराबरोबर थोडासा जादा आकार द्यावा, तो नगरपालिकेने वसूल करून त्याच भागाच्या मंडळाकडे सोपवावा आणि मंडळाने त्यातून दिवे, झाडे, बाके, स्वच्छता करावी, अशी ही योजना १९७० मध्ये अमलात आली. पुढे अनेक देशांनी तिचे अनुकरण केले.

या योजनेचे मर्म अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला चटकन उमगेल. रस्ता स्वच्छ असण्याचा लाभ सर्वांना होतो. म्हणून तो दुसऱ्या कोणी करावा, असे प्रत्येकाला वाटते. एकट्या दुकानदाराने आपल्यापुढचा पदपथ मोकळा केला तर शेजारच्याच्या गिऱ्हाइकाची दुचाकी तेथे येऊन उभी राहते. मॉलला एकच मालक असतो. शौचालय कोठे असावे, माल कोणत्या दाराने यावा, झाडलोट किती वाजता व्हावी हे तो ठरवितो आणि त्याचा खर्च गाळ्यांच्या भाड्यातून वसूल करतो. पेठेच्या बाजाराला हजार मालक आहेत. परंतु जे सर्वांचे, त्याला वाली कोणीच नाही. मॉलपुढे पेठ मागे पडते ती वातानुकूलनामुळे नव्हे, या उणिवेमुळे. मालाच्या विविधतेत आणि भावात पेठ आजही मॉलला हार जात नाही.

तथापि टोरांटोच्या वाटेने गेलेल्या अनेक शहरांत एक दोषही दिसून आला. मंडळाची सूत्रे मालमत्ताधारक आणि व्यापारी यांच्या हाती राहिली. भाड्याने राहणारे, रस्त्यावर विकणारे, दुकानांत राबणारे यांना तेथे आवाज नव्हता. रस्ते चकचकीत झाले, जागांचे भाव वाढले आणि ज्यांच्यामुळे त्या भागाला जिवंतपणा होता, त्यांनाच तेथे राहणे परवडेनासे झाले. आपल्याला त्यांची युक्ती हवी आहे, त्यांची चूक नको.

सुशोभीकरणाचा मोह

आपल्याकडे बाजारपेठेच्या सुधारणेचा अर्थ बहुधा सुशोभीकरण असा घेतला जातो. जुन्या फरशा काढून नव्या बसवावयाच्या, एका घाटाचे दिवे लावावयाचे, दुकानांच्या पाट्या एका रंगाच्या करावयाच्या, फीत कापावयाची. दिल्लीच्या चांदणी चौकाचे उदाहरण समोर आहे. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता नव्याने बांधण्यात आला, सप्टेंबर २०२१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारवाहनांना तेथे बंदी झाली. काम मोठे होते आणि प्रारंभी त्याचे कौतुकही झाले. परंतु थोड्याच काळात बंदी मोडून शिरणारी वाहने, तुटलेले सामान, देखभालीची हेळसांड यांच्या तक्रारी सुरू झाल्या. बांधणाऱ्याचे काम उद्घाटनाबरोबर संपते. सांभाळणाऱ्याचे काम त्या दिवशी सुरू होते. आणि सांभाळणारा तोच असू शकतो, ज्याला रोज सकाळी त्या रस्त्यावर उतरावयाचे असते.

पुण्यात वाहने उभी करण्याचा प्रश्न हे याचेच दुसरे रूप आहे. एक मोटार उभी करावयाला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा धरतात. जुन्या हिशेबाने ही सुमारे १३५ चौरस फूट होते. पेठेतल्या वाड्यात एवढ्या खोलीत एकेका कुटुंबाने संसार केले आहेत! आज त्या खोलीचे भाडे चुकविताना नोकरदाराच्या नाकी नऊ येतात. आणि खाली रस्त्यावर तेवढीच जागा मोटारवाल्याला दिवसभर फुकट मिळते. दुर्मिळ वस्तू फुकट वाटली की ती गरजवंताला मिळत नाही, आधी येऊन बसणाऱ्याला मिळते. लक्ष्मी रस्त्याच्या कडेच्या या जागा सकाळीच अडतात, त्यांत दुकानदार आणि त्यांचे नोकर यांच्या गाड्याही पुष्कळ असतात. मग गिऱ्हाईक चार फेऱ्या मारून परत जाते आणि दुकानदार म्हणतो की वाहनतळ नसल्यामुळे धंदा बुडाला. महापालिकेने २०१८ साली वाहनतळाचे धोरण मंजूर केले. पण रस्त्यावरील जागेला शुल्क म्हटले की विरोध होतो, आणि अंमलबजावणी वर्षानुवर्षे रखडली. विरोध का होतो? कारण शुल्काचा पैसा महापालिकेच्या तिजोरीत जाऊन कोठे लुप्त होईल, याचा लोकांना भरवसा नाही. तोच पैसा त्याच रस्त्याच्या पदपथाला आणि त्याच आळीच्या शौचालयाला लागणार आहे, असे दिसले तर विरोधाची धार पुष्कळ कमी होईल.

शौचालयाचा उल्लेख ओघात आला, पण तो क्षुल्लक नव्हे. या बाजारातील गिऱ्हाइकांत स्त्रियांची संख्या मोठी आहे आणि साड्यांच्या, दागिन्यांच्या, तयार कपड्यांच्या दुकानांत दहा-दहा तास उभे राहून काम करणाऱ्या मुलीही थोड्या नाहीत. त्यांतल्या काही आमच्या महाविद्यालयात सकाळच्या वर्गाला असतात. दिवसभर पाणी पिण्याचे टाळतो, असे त्यांच्यापैकी एकीने एकदा सांगितले, तेव्हा वर्गात मागणी-पुरवठ्याचा आलेख काढणाऱ्या प्राध्यापकाला खडू खाली ठेवावा लागला. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या बाजारात सर्वांच्या गरजेची एक साधी सोय होऊ शकत नाही, कारण ती करणे हे कोणा एकाचे काम नाही.

कायद्यात जागा आहे, व्यवहारात नाही

लोकांना सहभागी करून घ्यावे, हे सर्वच पक्ष म्हणतात. कायद्यांचाही तुटवडा नाही. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. २००९ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद केली; शहरातील नागरिकांनी ग्रामसभेप्रमाणे एकत्र बसावे, ही त्यामागील कल्पना. पुणे महापालिकेने तर २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांनी कामे सुचविण्याची पद्धत सुरू केली आणि तिचे देशभर कौतुक झाले. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे बंधन घातले.

प्रत्यक्षात काय झाले? क्षेत्रसभा कागदावर राहिली. नागरिकांनी सुचवावयाची कामे एखादे बाकडे, एखादी नामफलकाची कमान यांपलीकडे फारशी गेली नाहीत. आणि महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यानंतर थेट जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. मधली पावणेचार वर्षे शहराला नगरसेवकच नव्हते. ज्या काळात मेट्रो पेठेत आली, स्थानकांभोवती ५०० मीटरच्या परिघात वाढीव चटईक्षेत्र देण्याचे धोरण आकाराला आले, त्याच काळात पेठेतील नागरिकाला आपले म्हणणे कोणापुढे मांडावे हेच ठाऊक नव्हते.

या वाढीव चटईक्षेत्राकडे विशेष लक्ष वेधणे आवश्यक आहे. सार्वजनिक पैशाने मेट्रो आली आणि तिच्यामुळे मंडईभोवतीच्या जमिनीचे मोल वाढले. हे वाढलेले मोल कोणाचे? वाड्याच्या मालकाने ते निर्माण केलेले नाही, विकसकानेही नाही. ते समाजाने निर्माण केले आहे, म्हणून त्याचा काही हिस्सा त्याच भागाकडे परत आला पाहिजे. तसे न झाले तर पुढील पंधरा वर्षांत काय होईल, याचा अंदाज बांधणे कठीण नाही. लहान वाडे एकत्र केले जातील, भाडेकरूंना एकरकमी रकमा देऊन वाटेला लावले जाईल, उंच इमारती उभ्या राहतील, त्यांचे खालचे तीन मजले मोटारींनी भरतील आणि तळमजल्यावर पन्नास छोट्या दुकानांऐवजी चार मोठ्या पेढ्या दिसतील. त्यालाही कोणी पुनरुज्जीवन म्हणेल. परंतु ती पेठ नसेल.

पेठ-मंडळाची सूचना

यावर उपाय म्हणून एक सूचना करावीशी वाटते. मंडई, तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता आणि सोन्या मारुती चौक एवढ्या मर्यादित टापूसाठी महापालिकेने एक पेठ-मंडळ स्थापन करावे. त्यातील एक तृतीयांश सभासद तेथे राहणारे असावेत आणि त्यांत भाडेकरूंना आवर्जून स्थान असावे. एक तृतीयांश दुकानदार असावेत. उरलेल्या तृतीयांशात पथविक्रेते, हमाल व टेंपोचालक, आणि दुकानांत काम करणारे नोकर यांचे प्रतिनिधी असावेत. नगरसेवकांनी सभेस यावे, बोलावे. पण मंडळ त्यांचे अंकित असू नये.

मंडळाला उत्पन्नाचे तीन झरे असावेत : रस्त्यावरील वाहनतळाचे शुल्क, वाढीव चटईक्षेत्राच्या अधिमूल्यातील ठरावीक वाटा, आणि दुकानाच्या आकारमानानुसार व्यापाऱ्यांकडून घ्यावयाचा अल्प आकार. कामेही नेमकी नेमून द्यावीत. माल उतरविण्याच्या वेळा ठरविणे, पदपथ आणि शौचालये सांभाळणे, विक्रेत्यांच्या जागा पथविक्रेता समितीच्या संमतीने आखणे, आणि राहत्या वाड्यांच्या दुरुस्तीसाठी अल्प व्याजाचा निधी उभारणे. पुनर्बांधणीचा प्रत्येक प्रस्ताव मंजूर होण्यापूर्वी मंडळापुढे यावा आणि मूळ रहिवासी व लहान दुकानदार परत त्याच जागी येणार की नाही, याची तेथे जाहीर शहानिशा व्हावी. जमाखर्च दर महिन्याला मंडईच्या दारात फळ्यावर लिहावा.

काही आक्षेप

यावर पहिला आक्षेप असा येईल की व्यापारीच मंडळ ताब्यात घेतील. धोका खरा आहे. म्हणूनच जागांची वाटणी नियमातच असावी, सदिच्छेवर सोपवू नये. दुसरा आक्षेप प्रशासनाचा असेल : एवढ्या लोकांना विचारत बसले तर कामे होणारच नाहीत. विचारण्यात वेळ जातो, हे मान्य. पण न विचारता केलेले काम दोनदा करावे लागते, त्याचा वेळ आणि खर्च कोण मोजतो? तिसरा आक्षेप पुणेकरांच्या स्वभावाविषयी. दोन पुणेकरांत तीन मते, तेथे मंडळ कसे चालायचे?

याचे उत्तर पेठांनी पूर्वीच देऊन ठेवले आहे. सव्वाशेहून अधिक वर्षे या पेठांत सार्वजनिक गणेशोत्सव चालू आहे. कोणत्याही सरकारी आदेशावाचून आळीतली माणसे दर वर्षी एकत्र जमतात, दुकानादुकानांतून वर्गणी काढतात, पावत्या फाडतात, मांडव घालतात, पाळ्या लावतात आणि हिशेब पुरा करतात. त्यात हेवेदावे होतात, सक्तीच्या वर्गणीचे गालबोटही लागते. तरी सामुदायिक काम स्वतःच्या पैशाने तडीस नेण्याची विद्या या लोकांना कोणी शिकवावी, अशी स्थिती मुळीच नाही. दहा दिवस जे जमते ते वर्षभर का जमू नये? जमत नाही, कारण मांडव आपला असतो आणि रस्ता महापालिकेचा. रस्ताही आपला आहे, असे वाटावयाचे तर त्याच्याविषयीचे निर्णय आणि त्याच्या पैशाचा काही भाग लोकांच्या हाती द्यावा लागेल.

चौथा आक्षेप अधिक मूलगामी आहे. ग्राहक मॉलकडे आणि फोनकडे वळला असेल तर जुना बाजार मरू द्यावा, बाजाराच्या नियमाला आड येऊ नये, असे काही जण म्हणतील. बाजाराचे नियम शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले तो त्यांना आड येणार नाही. पण चढाओढ समान पायावर असली पाहिजे. मॉलला सामायिक व्यवस्था उभारण्याचा अधिकार आहे, तसा पेठेला नाही. तो अधिकार पेठेला द्या; मग गिऱ्हाईक काय तो निवाडा करील.

महापालिकेत आता लोकनियुक्त सभासद आले आहेत. मेट्रोची स्थानके उघडली आहेत. वाड्यांच्या पुनर्बांधणीचे प्रस्ताव मात्र थांबून राहणार नाहीत. एकदा पेठ रिकामी झाली की मंडळ स्थापन करून उपयोग नाही, कारण त्यात बसायला रहिवासी शिल्लक नसतील. तेव्हा पुढच्या ११ डिसेंबरला महापालिकेने लक्ष्मी रस्ता जरूर मोकळा ठेवावा. मात्र त्या मोकळ्या रस्त्यावर गाण्यांच्या कार्यक्रमाऐवजी सतरंज्या अंथराव्यात आणि या पेठेची पहिली क्षेत्रसभा तेथे भरवावी. माल कोठे उतरवायचा, हे त्या कापड दुकानदाराने तेथे विचारावे. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्या बाईंना खाली आणण्यासाठी कोणीतरी आधी जिना चढून जावे.